रद्दी, खळ आणि गोणपाट: दिवाळीचा कंदील, मावळे आणि किल्ला

घरी केलेला कंदील ऐन लक्ष्मीपूजनाला एका बाजूला कलंडतो, किल्ल्याला भेगा पडतात, लगद्याचे मावळे कंबरेत मोडतात. बहुतेक वेळा तिन्हींचं कारण एकच असतं: ओली वस्तू पुरती सुकण्याआधीच पुढचं काम सुरू झालेलं असतं. कापाकापी आणि चिकटवाचिकटवी दोन-तीन संध्याकाळींत उरकते. खरा वेळ लागतो तो सुकण्याला, आणि तिथे घाई चालत नाही. म्हणून वसुबारसेच्या दहा दिवस आधी सुरुवात करावी. पहिल्या दोन दिवसांत कागदाच्या नळ्या वळायच्या आणि लगदा भिजत घालायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावळे करून सुकत ठेवायचे आणि किल्ल्याचा सांगाडा उभा करायचा. वसुबारसेला पाच-सहा दिवस असताना किल्ल्यावर अळीव पेरायचे आणि ते उगवतायत तोवर कंदील पुरा करायचा. मुलांची सहामाही परीक्षा चालू असेल, तर नळ्या वळायचं काम मोठ्यांनी टीव्हीसमोर बसून उरकावं. त्यात डोकं लागत नाही.

सामान जवळजवळ सगळं घरातलंच आहे: वर्तमानपत्रं, खोकी, ज्यूटची जुनी गोणी, लग्नपत्रिका, खराट्याच्या काड्या, नारळाच्या शेंड्या. विकत आणायचा तो पतंगी कागद, अळीव, आणि घरात नसेल तर बल्बचा होल्डर. थर्माकोल मात्र किल्ल्यालाही वापरू नये. सजावटीसाठी तो वापरायला महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, शिवाय त्यावर माती धरतही नाही.

आधी खळ

कागदावर कागद चिकटवायला मैद्याची खळ बाजारातल्या गोंदाइतकीच पक्की असते. ती स्वस्त आहे आणि लहान मुलाने बोट चाटलं तरी घाबरायचं कारण नाही. 4 मोठे चमचे मैदा अर्धा कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दुसरीकडे दीड कप पाणी उकळायला ठेवा. उकळी फुटली की आच मंद करून कालवलेला मैदा बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत पांढरट रंग जाऊन खळ थोडी पारदर्शक दिसू लागते. तिथे गॅस बंद करायचा. मैदा कोरडाच गरम पाण्यात टाकला तर बाहेरून शिजलेल्या आणि आतून कच्च्या गोळ्या होतात, आणि गाळून घेतल्या तरी ती खळ नीट धरत नाही.

पाव चमचा तुरटीची पूड घातली तर खळ दोन दिवस बाहेर टिकते, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती लवकर आंबते. आंबूस वास आला की फेकून द्यायची. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. ते विष आहे, मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. मैदा नसेल तर कणीक चालते, पण कोंड्याचे ठिपके पतंगी कागदावर दिसतात. तेव्हा कणकेची खळ नळ्यांना आणि लगद्याला, मैद्याची कंदिलाला. रंगीत जिलेटिन कागदाला कुठलीच खळ धरत नाही, कारण तो पाणी शोषत नाही. सुकली की खळ पापुद्र्यासारखी सुटून येते. जिलेटिन वापरायचाच असेल तर तो चिकटपट्टीने लावा.

कंदिलाचा सांगाडा

खाली दिलेला कंदील नेहमीच्या पारंपरिक आकाराचा आहे: भोवती कोनावर उभे राहिलेले चार चौकोन, त्यांच्यामध्ये वर चार आणि खाली चार त्रिकोण, माथ्यावर एक चौकोनी तोंड आणि तळाला दुसरं. या आकाराची सोय अशी, की सगळ्या काड्या एकाच मापाच्या लागतात, एकूण 24. बुरुडाकडे बांबूच्या कामट्या मिळत असतील तर त्या घ्या. नसतील तर वर्तमानपत्राच्या नळ्या पुरतात, आणि अख्ख्या सांगाड्याचं वजन 100 ग्रॅमच्या आतच राहतं.

मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं एक पान घ्या. उंचीतून 20-20 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापा, रुंदी आहे तशी ठेवा. उरलेली पट्टी लगद्यासाठी बाजूला टाका. प्रत्येक पट्टी रुंदीच्या दिशेने गुंडाळत गेलं की 20 सेंटिमीटर लांबीची नळी होते. बारा पानांत 24 नळ्या होतात, दोन-तीन जास्तीच्या करून ठेवा. गुंडाळायची दिशा बदलू नका. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, कारण कागदाचे तंतू उभे असतात. तंतू नळीच्या लांबीत आले तर ती ताठ राहते. उलट दिशेने वळली तर लवकर वाकते आणि गुंडाळतानाही कागद हट्ट करतो.

वळायला 3 मिलिमीटर जाडीची विणायची सुई घ्या. पहिले दोन वेढे कोरडेच, नाहीतर नळी सुईलाच चिकटून बसते. मग कागदावर खळीची एक तिरपी रेघ ओढून घट्ट गुंडाळत या आणि शेवटच्या कडेला पूर्ण लांबीभर खळ लावा. सुई लगेच फिरवून काढून घ्या. नळ्या सावलीत, सपाट जागेवर, एकमेकींना न चिकटतील अशा रात्रभर सुकवा. उन्हात टाकल्या तर एक बाजू आधी सुकून त्या धनुष्यासारख्या वाकतात. कागद वळण्याआधीच मापाने कापायचा तोही कारणाने: तयार नळी कात्रीने कापली की तोंड चेपतं आणि मग दोरा आत जात नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना नळ्या चांगल्या वळता येतात. त्याहून लहान असतील त्यांना कागद फाडायला आणि खळ लावायला बसवावं.

जोडणी दोऱ्याने करायची. गोधडी शिवायचा पांढरा जाड दोरा साधारण 12 मीटर लागेल. मांजा नको, तो नळी कापतो. खराट्याच्या लांब काडीच्या टोकाला दोरा चिकटपट्टीने लावा, म्हणजे नळीतून ओवणं सोपं जातं. आता क्रमाने:

1. सव्वा मीटर दोऱ्यात चार नळ्या ओवा, दोरा ताणून दुहेरी गाठ मारा. एक चौकोन झाला. असे चार चौकोन करा. 16 नळ्या संपल्या.
2. प्रत्येक चौकोन कोनावर उभा धरा. पहिल्याचा उजवा कोन दुसऱ्याच्या डाव्या कोनाला बांधा. असंच पुढे जात चौथ्याचा उजवा कोन पहिल्याच्या डाव्या कोनाला आणून बांधा. चार चौकोनांचं एक कडं तयार होतं. या वेळी ते हातात लोळागोळा होईल, ते तसंच असतं.
3. नवा सव्वा मीटर दोरा घ्या. त्यात एक नळी ओवा, मग दोरा पहिल्या चौकोनाच्या वरच्या कोनाला एक वेढा देऊन पुढे न्या, दुसरी नळी, दुसऱ्या चौकोनाचा वरचा कोन, असं चारही करून गाठ मारा. माथ्याचं तोंड झालं.
4. कंदील उलटा करून उरलेल्या चार नळ्यांनी तळाचं तोंड तसंच करा.

आता सांगाडा आकाराला आलेला असतो, पण एका बाजूने दाबला की तो पिळवटतो. कंदील कलंडतो तो इथेच. तीन काड्यांचा त्रिकोण कोन बदलू शकत नाही. चौकोनाचे कोन मात्र सहज सरकतात आणि त्याची चपटी शंकरपाळी होते. म्हणून सहाही चौकोनांत कोनापासून समोरच्या कोनापर्यंत दोन्हीकडून दोरा ताणून बांधा. 20 सेंटिमीटरच्या चौकोनात हे अंतर 28 सेंटिमीटरच्या थोडंसं पुढे येतं. नेमक्या आकड्याची फिकीर नको, दोन्ही दोरे सारख्या लांबीचे मात्र असले पाहिजेत. एकच दोरा बांधून भागत नाही. दोरा ताण सोसतो, दाब सोसत नाही, त्यामुळे चौकोन दुसऱ्या बाजूला पडतोच. सगळे बांधून झाले की सांगाडा टेबलावर तळाच्या चौकोनावर ठेवा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. एखादा उचलला जात असेल तर समोरच्या चौकोनातले दोरे सोडून पुन्हा बांधा. कागद लावून झाल्यावर हे दुरुस्त होत नाही.

कागद, बल्ब आणि झिरमिळ्या

पतंगी कागदाचे तीन मोठे ताव पुरतात. चौकोनांसाठी 23 सेंटिमीटर बाजूचे चार तुकडे कापा, म्हणजे चारही कडांना दीड-दीड सेंटिमीटर दुमडायला मिळतो. त्रिकोणांसाठी पुठ्ठ्यावर 20 सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढून त्याभोवती दीड सेंटिमीटर जागा सोडा, पुठ्ठा कापा आणि त्या साच्यावरून आठ तुकडे काढा. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरचा जास्तीचा कागद तिरपा छाटून टाका, नाहीतर दुमड एकावर एक येऊन जोडाच्या जागी बोळा होतो. बूट किंवा शर्टच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा कागद साठवलेला असेल तर चौकोनांना तोच लावा. उजेड त्यातून चांगला येतो. जुन्या सुती ओढणीचाही कंदील सुंदर होतो. मात्र कापड जड असतं, तेव्हा नळ्यांऐवजी कामट्याच घ्याव्या लागतात.

खळ नळीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की ताणला जातो, रंग सोडतो आणि सुकल्यावर सुरकुततो. आधी चारही चौकोन लावा आणि दोन तास सुकू द्या, कारण ते सांगाड्याला आणखी ताठ करतात. मग वरचे त्रिकोण आणि शेवटी खालचे. कागद मध्यापासून कडेकडे बोटाने हलका सारत लावा. फार ताणला तर सुकताना आकसून तो कोपऱ्यात फाटतो. बारीक फाट पडली तर त्याच रंगाचा छोटा तुकडा आतून लावा, बाहेरून कळत नाही. माथा आणि तळ उघडाच ठेवायचा. माथ्यातून बल्बची उष्णता बाहेर पडते आणि तळातून वारा निघून जातो, त्यामुळे कंदील फार भेलकांडत नाही.

बल्ब एलईडीच, 3 ते 5 वॉटचा. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब हात लावता येणार नाही इतका तापतो आणि कागदाच्या कंदिलात त्याला जागा नाही. पणती किंवा मेणबत्ती तर आत ठेवायचीच नाही. माथ्याच्या तोंडावर मधोमध एक कामटी किंवा खराट्याच्या चार-पाच काड्यांची जुडी आडवी बांधा आणि तिला होल्डर अशा बेताने लटकवा की बल्ब कंदिलाच्या मध्यावर येईल. मग कागद त्याच्यापासून सगळीकडे दहा सेंटिमीटर तरी लांब राहतो. कंदील टांगायचा तो माथ्याच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या सुतळीवर. वायर सुतळीसोबत सैल सोडायची. कंदिलाचा भार वायरवर आला की होल्डरमधला जोड सुटतो आणि ठिणगी पडते. वायर जोडायचं काम मोठ्या माणसाचं, तेही प्लग भिंतीतून काढून. परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो, तेव्हा कंदील छज्ज्याखाली किंवा गॅलरीत आतल्या बाजूला लावा.

झिरमिळ्यांना भेटवस्तूंचे जुने कागद घ्या. 2 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब अशा 24 पट्ट्या, तळाच्या प्रत्येक बाजूला सहा. लग्नपत्रिकांचा जाड कागद झिरमिळ्यांना उपयोगाचा नाही, त्या लोंबत नाहीत, ताठ उभ्या राहतात. त्याची 5 सेंटिमीटर व्यासाची बारा फुलं कापून बाराही कोपऱ्यांवर लावली की दोऱ्यांच्या गाठी झाकल्या जातात. पत्रिकेवरच्या गणपतीवर कात्री चालवणं कुणालाच आवडत नाही. तो भाग आधीच वेगळा काढून ठेवावा, शुभेच्छापत्रावर लावायला उपयोगी पडतो.

लगद्याचे मावळे

नळ्यांच्या वेळी उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे नखाएवढे तुकडे फाडा. हे काम चार वर्षांचं मूलसुद्धा आनंदाने तासभर करतं. तुकडे गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी हातानेच कुस्करून एकजीव करा. मिक्सर वापरायचा असेल तर स्वयंपाकाला न लागणारं जुनं भांडं घ्या, भरपूर पाणी घाला आणि दहा-दहा सेकंदच फिरवा. जाड लगद्यावर मोटर तापते. जुन्या पंच्यात बांधून पिळून घ्या, कोरडा ठणठणीत होईपर्यंत नाही, बोटांनी दाबल्यावर थेंब येतील न येतील इतपत.

पिळलेल्या दोन कप लगद्याला अर्धा कप खळ आणि एक मोठा चमचा मेथीची पूड. मेथी ओली झाली की बुळबुळीत चिकट होते आणि लगदा धरून ठेवते. कागदाच्या टोपल्या करणाऱ्या बायका लगद्यात मेथी घालायच्या त्या याचसाठी, शिवाय कडू चवीमुळे कीडही कमी लागते. अशी टोपली करायची असेल तर पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं घालून अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर थापा, अर्धवट सुकल्यावर पातेलं काढा. त्यात किल्ल्या, रांगोळीचे डबे ठेवा, फराळ नको. वर्तमानपत्राची शाई पोटात जाण्यासारखी नसते.

मावळ्यासाठी खराट्याची 8 सेंटिमीटरची काडी घ्या आणि तिच्याभोवती लगदा दाबत 6 सेंटिमीटर उंचीचा माणूस घडवा. खाली दोन सेंटिमीटर काडी मोकळी ठेवा, तीच किल्ल्याच्या मातीत खुपसायची. धड 1 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. जाड मावळा बाहेरून खडखडीत आणि आतून ओला राहतो, आणि चार दिवसांनी त्यावर बुरशी चढते. हात सुटे करून चिकटवले की पडतात. ते धडाला टेकलेलेच ठेवा, भाल्यासाठी नंतर काडी खोचता येते. पहिला दिवस सावलीत, मग दोन दिवस उन्हात. रंगाला गेरू आणि चुना खळीत कालवून घेतला तरी भागतो. चुन्याचा हात मोठ्यांनी मारावा, तो डोळ्यांत गेला तर वाईट. डोळे-मिश्या स्केचपेनने काढा, त्या ब्रशने कुणालाही जमत नाहीत.

किल्ला

पूर्वी अंगणात विटा-दगड रचून किल्ला व्हायचा. गॅलरीत तसा भरीव किल्ला केला तर त्याचं वजन शंभर किलोच्या पुढे सहज जातं. खोक्यांवर गोणपाट घालून केलेल्या पोकळ किल्ल्याला दोन-अडीच घमेली माती पुरते. जागा साधारण 90 बाय 60 सेंटिमीटर, उंची 45. खाली जुनं फ्लेक्स अंथरा आणि गॅलरीतला पाणी जायचा मार्ग मोकळा ठेवा.

कोणता किल्ला करायचा ते आधी ठरवा, कारण खोक्यांची रचना त्यावर अवलंबून असते. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातला राजगड खोक्यांना फार सोयीचा. मधोमध उंच बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. एक मोठं खोकं मध्ये, त्यावर लहान उभं खोकं हा बालेकिल्ला, आणि बुटांची तीन लांबट खोकी जरा खालच्या पातळीवर तीन बाजूंना. सुवेळा माचीवर कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. गोणपाट घालण्याआधी तिथे जाड पुठ्ठ्याची नळी आडवी ठेवली की तेही जमतं. सिंधुदुर्ग करायचा तर उंची नको, भोवती पाणी हवं. ते परातीत किंवा जुन्या टबातच शोभतं.

प्रत्येक खोकं चुरगळलेल्या कागदांनी गच्च भरून चिकटपट्टीने बंद करा. रिकामं खोकं ओल्या मातीच्या भाराने एका रात्रीत बसतं. खोकी एकमेकांना बांधून घ्या आणि वरून प्लॅस्टिकचा कागद किंवा कापून उघडलेल्या दुधाच्या पिशव्या लावा, म्हणजे पुठ्ठा भिजणार नाही.

मातीत खरी मेख आहे. देशावरची काळी माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीच्या किल्ल्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि नारळाच्या शेंड्यांचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे दोन मुठी, असं मिसळा. वाळू आकसणं कमी करते, शेंड्यांचे धागे भेग पसरू देत नाहीत. कोकणातल्या लाल मातीला वाळू लागत नाही, धागे मात्र हवेतच. कुंड्यांसाठी मिळणारं कोकोपीटचं मिश्रण इथे कामाचं नाही, ते चिकटत नाही, उतारावरून ओघळतं. माती चाळून खडे काढा आणि तिच्यापैकी एक तृतीयांश बादलीत पाणी घालून धिरड्याच्या पिठाइतकी सैल करा.

गोणपाट या चिखलात पाच-दहा मिनिटं बुडवून, हलकं निथळून खोक्यांवर टाका. चुण्या सरळ करू नका, त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी होतात. गोणी ज्यूटचीच हवी. विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यावरून माती सुकली की पापुद्र्यांनी गळते. पहिला थर चार-पाच तास ओढू द्या. बोट लावल्यावर ठसा उमटेल पण माती हाताला येणार नाही, तेव्हा उरलेल्या जाडसर मातीचा सेंटिमीटरभर दुसरा थर हाताने थापा. दोन्ही थर एकदम दिले तर खालचा ओला राहतो आणि वरचा त्याच्यावरून घसरतो. बारीक भेगा दिसल्याच तर त्याच सैल चिखलाने फडक्याने पुसून घ्या.

तटासाठी पुठ्ठ्याच्या 4 सेंटिमीटर उंच पट्ट्या, वरच्या कडेला चर्या, म्हणजे दातेरी कंगोरे, कापलेल्या. माती ओली असतानाच त्या सेंटिमीटरभर आत रोवा आणि बाहेरून चिखलाचा हात फिरवा. बुरुजांना पुठ्ठ्याच्या नळ्यांचे तुकडे किंवा पावडरचे रिकामे डबे, तोफांना पेनांची टोपणं. दरवाजा सरळ समोर दिसेल असा ठेवू नका. रायगडाच्या महादरवाजासारखा तो दोन बुरुजांच्या आड लपलेला हवा: एक बुरूज पुढे, दुसरा थोडा मागे, आणि मधून वळत गेलेली वाट. शत्रूला दार लांबून दिसू नये आणि तोफेचा गोळा थेट बसू नये, म्हणून ही रचना. मुलांना ही गंमत समजली की ती दरवाजावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. पायऱ्यांना काड्यापेट्या, टाक्यांना डब्याची झाकणं.

पेरण्याआधी वाटा आणि अंगणं रांगोळीच्या रेघांनी आखून घ्या आणि तिथे बी टाकू नका. एवढ्या किल्ल्याला तीन मोठे चमचे अळीव पुरतात. ते भिजवायचे नाहीत. भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि सगळे एका गोळ्यात अडकतात. कोरडेच चिमटीने ओल्या मातीवर टाकले की तेच आवरण त्यांना उतारावर चिकटवून ठेवतं. मोहरी मात्र उतारावरून घरंगळते, ती रात्रभर भिजवून माच्यांच्या सपाट भागावर पेरा. बी एकमेकांवर पडेल इतकं दाट टाकलं तर मुळाशी पांढरी बुरशी येते.

पाणी दिवसातून दोनदा, शिंपडून. बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने दहा-बारा भोकं पाडली की झारी तयार. तांब्याने ओतलं तर तट वाहून जातो. अळिवाला दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि आठवड्याच्या आत चार बोटं उंच गवत दिसतं. पिवळट आणि लांबुडकं वाढत असेल तर उजेड कमी पडतोय, किल्ला गॅलरीच्या कडेकडे सरकवा. वाढ फारच पुढे गेली तर कात्रीने शेंडे छाटा. मावळे शेवटच्या दिवशी उभे करा, रोजच्या शिंपणात लगदा पुन्हा मऊ पडतो.

किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायची हौस मुलांना हमखास येते. मातीचे आणि खड्यांचे तुकडे डोळ्यांच्या उंचीवर उडतात, तेव्हा ते होऊ द्यायचं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना आधी दोन दिवस पाणी बंद करा. सुकी माती गोणपाटावरून आपटून निघते, ओली निघत नाही. ती माती वाळूसकट कुंड्यांत चालते, शेंड्यांचे तुकडेही त्यात राहू द्यावेत. गोणपाट कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच घडी घाला. दमट घडी घातली तर पुढच्या वर्षी ते हातातच फाटतं.